उसाला पास होता, बाईला नव्हता

(सांगली येथे ऊसतोड कामगार स्त्रियांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

मला भाषणाची सवय नाही. टोळीत बोलायची सवय आहे, तसंच बोलते. काही सुटलं तर तुम्ही भर घाला, तुमच्यापैकी निम्म्या जणी त्या वर्षी इथंच होतात.

माझ्या मुलीनं परवा मोबाइलवर एक गंमत दाखवली. अमेरिकेत काही माणसं घरदार विकून मोठ्या गाडीतच राहतात. गाडीत चूल, गाडीत बिछाना, गाडीतच न्हाणी. मनाला येईल तिथं मुक्काम. २०२० साली कोरोना आला तेव्हा तिकडचे गाड्या लावायचे तळ बंद झाले आणि ही माणसं अडकली. मुलगी म्हणाली, "आई, हे तर आपल्यासारखंच!" मी म्हटलं, आपल्यासारखं आहे, पण दोन फरक आहेत. आपण मनाला येईल तिथं जात नाही, मुकादम नेईल तिथं जातो. आणि आपल्या गाडीत न्हाणी नाही.

मी बीड जिल्ह्यातली. लग्न झाल्यापासून ऊस तोडते. आमची ट्रॅक्टरची टोळी. टायरगाडीवाल्यांचा तळ कारखान्याजवळ एका जागी असतो, आमचं तसं नाही. ऊस संपला की कोपी मोडायची, बांबू, ताडपत्री, भांडी, पीठ, कोंबड्या, पोरं सगळं ट्रॉलीत भरायचं आणि पुढच्या फडाला जायचं. सहा महिन्यांत दहा-बारा वेळा घर मोडते आणि बांधते. मोडायचं-बांधायचं काम कोणाचं, ते तुम्हाला सांगायला नको.

दिवाळीनंतर निघायचं आणि पाडव्याच्या आसपास परत यायचं, असा आमचा हिशोब. २०१९ ला तो हिशोबच बिघडला. ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगली, कोल्हापूरकडचा ऊस पाण्यात उभा राहिला, हंगाम उशिरा सुरू झाला. उशिरा सुरू झाला म्हणून उशिरा संपणार होता. त्यामुळे २५ मार्च २०२० ला, ऐन पाडव्याच्या दिवशी, देशाला टाळं लागलं तेव्हा आम्ही गावात नव्हतो, फडात होतो.

माझ्या घरची गोष्ट सांगते. आमच्या टोळीत चौदा कोयते. नवराबायको मिळून एक कोयता, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणजे बाई अर्धा कोयता. मुक्काम वाळवा तालुक्यात, कासेगावच्या बाजूला. पलीकडे कराड तालुक्यात आमच्याच कारखान्याचा थोडा ऊस राहिला होता. मुकादमानं टोळी फोडली आणि पाच कोयते तिकडे पाठवले. त्यात माझी धाकटी जाऊ. तिचं बाळ चार महिन्यांचं. ते सांभाळायला म्हणून माझी अकरा वर्षांची पोरगी तिच्याबरोबर ट्रॉलीत बसून गेली. "दोन दिवसांत आम्ही येतोच मागनं," असं मी म्हणाले. तारीख २२ मार्च. दुसऱ्या दिवशी जिल्ह्यांच्या हद्दी बंद झाल्या. मी सांगली जिल्ह्यात, पोरगी सातारा जिल्ह्यात. मधे सात-आठ किलोमीटर.

त्याच आठवड्यात इस्लामपुरात एकाच कुटुंबातल्या माणसांना लागण झाली आणि बघता बघता आकडा पंचविसाच्या घरात गेला. सगळा वाळवा तालुका धास्तावला. गावात आम्हाला कोणी शिरू देईना. त्यांची भीती मी समजू शकते. पण किराणा कुठून आणायचा? आमचं रेशन कार्ड बीडला. हातखर्चाला बाईकडे पैसा येतो तो वाढ्यांचा. दिवसभर ऊस तोडायचा, संध्याकाळी वाढ्यांच्या पेंढ्या बांधायच्या, म्हशीवाले येऊन घेऊन जातात. ते यायचे थांबले. वाढी फडातच वाळून गेली.

आणि ऊसतोड? ती चालूच होती! साखर अत्यावश्यक म्हणून कारखाने बंद नव्हते. रेडिओवर सांगायचे, घरात राहा, वारंवार हात धुवा. आमचं घर म्हणजे पाचटाची कोपी, वाकून आत जायचं. पाणी अर्ध्या कोसावरच्या विहिरीचं. आणि पहाटे चारला फडावर हजर. बाहेर पडू नका आणि कामावर या, ही दोन्ही सांगणी एकाच माणसाला कशी लागू पडतात, हे मला अजून उमजलं नाही.

आमच्या ट्रॅक्टरला हद्द ओलांडायचा पास होता. रोज तो कराडच्या बाजूचा ऊस भरून आमच्या डोळ्यांसमोरून जायचा. मी ड्रायव्हरला म्हटलं, भाऊ, मला ट्रॉलीत घालून ने, नाहीतर पोरीला इकडे आण. तो बिचारा म्हणाला, "मावशी, पास उसाचा आहे, माणसाचा नाही. धरलं तर ट्रॅक्टर जाईल." एका रात्री मी आणि मालक पायी निघालो. नाक्यावर पोलिसांनी परत फिरवलं. मारलं नाही, हे त्यांचं चांगुलपण. पण मी सगळ्या रस्त्यानं एकच विचार करत आले: मी तोडलेल्या उसाला जायला वाट आहे, मला नाही.

पोरगी रोज संध्याकाळी जावेच्या फोनवरनं बोलायची. फोनमध्ये पैसे असेपर्यंत. जवळच्या वस्तीवरची एक शेतकरीण आमचा फोन चार्ज करून द्यायची, बांधावर ठेवून लांब उभी राहायची. तिनं तिच्या पैशांनी दोनदा रिचार्ज मारून दिला. ती बाई मी विसरणार नाही.

मग १७ एप्रिलला सरकारचा आदेश निघाला. राज्यात ३८ कारखान्यांवर अडकलेल्या सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोड कामगारांना गावी सोडायचं. आधी तपासणी, मग यादी, गावच्या सरपंचाला कळवायचं आणि गाडी. ऐकून आम्ही कोप्यांबाहेर नाचलो. संध्याकाळी मुकादम यादी घेऊन आला. मी नववी शिकलेली. मी यादी हातात घेतली.

यादीत नऊ नावं होती. नऊ कोयत्यांच्या नऊ पुरुषांची. पुढे लिहिलेलं, "सोबत कुटुंब". आमच्यात एक विधवा बाई होती, भावाच्या जोडीनं कोयता चालवायची. तिचं नाव कुठंच नव्हतं, कारण ती भावाच्या "कुटुंबात" बसत नव्हती. आणि माझी पोरगी? इकडच्या यादीत नाही, कारण ती इथं नव्हती. तिकडच्या यादीत नाही, कारण ती त्या कोयत्याची नव्हती. अकरा वर्षांची मुलगी दोन जिल्ह्यांच्या मधे कागदावरनं नाहीशी झालेली.

त्या रात्री आम्ही बायका चिमणीच्या उजेडात बसलो. मी वहीचं पान फाडलं आणि प्रत्येकीचं नाव लिहिलं. आधी माहेरचं की सासरचं यावर हसाहशी झाली. एक म्हातारी म्हणाली, "माझं नाव मतदानाशिवाय कुणी लिहिलं नव्हतं बाई." पोरांची नावं, वयं. कोण पोटुशी, कोणाला औषध चालू. सकाळी तपासणीला आलेल्या नर्सबाईच्या हातात ते पान दिलं. मुकादमाच्या हातात दिलं नाही. तिनं ते तिच्या कागदाला टाचलं. जावेला फोनवर सांगितलं, तिकडेही असंच कर. तिला लिहिता येत नाही. तिथली यादी माझ्या पोरीनं लिहिली. स्वतःचं नाव तिनं शेवटी घातलं.

आम्ही आधी पोहोचलो, ती दोन दिवसांनी. गावानं आम्हाला शिवारातच ठेवलं होतं, तिथंच ती ट्रकमधून उतरली. मधे अंतर ठेवा म्हणून सांगितलेलं. मी ठेवलं नाही.

गोष्ट इथं संपत नाही. पुढच्या हंगामाला हिशोब झाला तेव्हा फड संपल्यावर आम्ही अडकून पडलो त्या दिवसांचं धान्य आमच्या उचलीवर चढवलेलं होतं. मी विचारलं, आम्ही हौसेनं राहिलो होतो का? खूप वाद झाला. शेवटी निम्मं कमी केलं. निम्मं फेडायला आम्ही पुन्हा आलो.

मैत्रिणींनो, आपल्यावर याआधीही अहवाल झाले आहेत. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२ हजार ३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, १३ हजार ८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. एवढ्या बायका मोजता येतात, तर हजेरीवर त्यांची नावं का लिहिता येत नाहीत? खाडा झाला की दंड मात्र दोघांवर बसतो. स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा झाला तो राज्य ओलांडणाऱ्यांसाठी. आपण जिल्हे ओलांडतो, राज्य नाही, म्हणून त्यात आपण बसलोच नाही. तोडणीचा दर २०२० मध्ये १४ टक्क्यांनी वाढला, तो संपामुळे. पण वाढलेला दरही कोयत्याला मिळतो, बाईला नाही.

म्हणून माझं मागणं मोठं नाही. करारावर आणि हजेरीवर बाईचं स्वतःचं नाव. तिच्या वाट्याची मजुरी तिच्या खात्यात. मुक्कामाच्या गावी रेशन. प्रत्येक तळावर पाणी आणि आडोसा. आणि संकट आलं तर अडकलेल्या दिवसांचा खर्च कामगाराच्या उचलीवर नाही.

हे मिळेपर्यंत एक काम आपल्या हातात आहे. या हंगामाला निघायच्या आधी प्रत्येक टोळीत एक वही करा. तिच्यात बायकांची आणि पोरांची नावं लिहा. लिहिता येत नसेल तर पोरीला सांगा. माझी पोरगी आता बारावीला आहे. तिचं ते पान मी अजून जपून ठेवलंय.