काका जेवले का?

आपल्या बोलण्यात दोन गोष्टी 'निघतात'. विहीर खणली की पाणी निघतं आणि दवाखान्यात भरती झालं की शुगर निघते. माणूस गेलेला असतो पाय मोडला म्हणून, नाहीतर छातीत कफ झाला म्हणून. आणि बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांत कुजबुज सुरू होते, 'त्यांना शुगर निघाली म्हणे!' मी डॉक्टर नाही. मराठी विषय घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण या शुगरच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली. ती आज तुमच्यापुढे कबूल करायची आहे.

गोष्ट २०१९ च्या डिसेंबरातली. जुन्या नाशकात आमचं घर. जिना लाकडी, उभा आणि अंधारा. माझे थोरले भाऊ, त्यांना आम्ही भाईजान म्हणतो, पहाटे नमाजला निघाले आणि शेवटच्या तीन पायऱ्यांवरून घसरले. वय सदुसष्ट. खुबा मोडला. रुग्णालयात नेलं, बोटाला सुई टोचली, यंत्रावर आकडा आला २८६. तेवढ्या वेदनेतही भाईजान भडकले. "मेरेको कायकी शुगर? जिंदगीभर गॅरेजमें पसीना बहाया!" खरं सांगतो, मलाही वाटलं, बिल वाढवायची ही नवी तऱ्हा असेल. शस्त्रक्रिया एक दिवस पुढे गेली तेव्हा तर मी तावातावानं बोललोसुद्धा.

तिथल्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी आणखी एक तपासणी केली. तिला एचबीएवनसी म्हणतात. मागच्या दोन-तीन महिन्यांत रक्तातली साखर सरासरी कशी होती, ते तिच्यावरून कळतं. हा आकडा साडेसहा किंवा त्याहून जास्त आला तर तो मधुमेह. भाईजानचा आला ६.१. म्हणजे काठावरचा. मधुमेह नव्हे, पण अगदी निर्धोकही नव्हे. मग २८६ कुठून आले?

बाईंनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. गंगेला पूर येणार अशी बातमी आली की आपल्या भांडीबाजारातले दुकानदार माल भराभर बाहेर काढतात आणि रस्ता मालानं भरून जातो. शरीराचंही तसंच आहे. हाड मोडलं, जंतुसंसर्ग झाला, हृदयविकाराचा झटका आला, की अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही संकटकाळची संप्रेरकं रक्तात उतरतात. त्यांच्या हुकमानं यकृत आपल्या कोठारातली साखर बाहेर काढतं. ही साखर उचलून पेशींत पोचवायला मदत करतं ते इन्सुलिन. पण त्या धांदलीत इन्सुलिनचं कुणी ऐकत नाही. साखर रक्तात तशीच तुंबून राहते. जेवणात गोड काही नसलं तरी तुंबते.

तुंबली तर काय बिघडतं? जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात, जखम लवकर भरत नाही, टाक्यांत पू होण्याची भीती वाढते, लघवीवाटे पाणी जाऊन शरीर कोरडं पडतं. २००२ साली अमेरिकेतल्या अटलांटा शहरातल्या एका रुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भरती झालेल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांचे कागद तपासले होते. साखर ठीक असलेल्यांत शंभरातले दोनसुद्धा दगावले नव्हते. आधीपासून मधुमेह असलेल्यांत तीन दगावले होते. आणि ज्यांना मधुमेह असल्याचं कधी कुणाला ठाऊक नव्हतं, पण भरती झाल्यावर साखर वाढलेली सापडली, त्यांच्यात शंभरातले सोळा! सगळा दोष साखरेचा असं यावरून म्हणता येत नाही. दुखणं जितकं जबर तितकी साखर चढते, हेही त्यात आलं. पण 'आम्हाला शुगर नाही' म्हणून निर्धास्त राहणारे भाईजान आणि मी, दोघंही किती अजाण होतो, ते मला त्या आकड्यानं दाखवलं.

इन्सुलिन सुरू झालं, साखर उतरली, शस्त्रक्रिया नीट पार पडली. आता माझी चूक सांगतो.

शस्त्रक्रियेनंतरचा दुसरा दिवस. रात्री आठला सिस्टरनी जेवणाआधीचं इन्सुलिन टोचलं आणि म्हणाल्या, "आता लगेच जेवू द्या त्यांना." थाळी आली. मुगाची खिचडी, दुधीची भाजी. भाईजाननी दोन घास घेतले आणि तोंड फिरवलं. "उबकाई आ रही. तू खा ले." मी विनवलं, पण थोरल्या भावाला किती विनवणार? थाळी तशीच परत गेली तर सिस्टर रागावतील, पुन्हा भाईजानच्या मागे लागतील, असं मला वाटलं. त्यांना झोपू द्यावं म्हणून ती खिचडी मी खाल्ली आणि रिकामी थाळी बाहेर ठेवली. थोड्या वेळानं सिस्टरनी दारातून विचारलं, "काका जेवले का?"

मी म्हणालो, "हो. जेवले."

साडेदहाच्या सुमारास भाईजान बडबडू लागले. मला अब्बांच्या नावानं हाक मारत होते. अब्बांना जाऊन तीस वर्षं झालेली. मला वाटलं, स्वप्नात असतील. हात लावला तर अंग घामानं चिंब, आणि थंडगार. डिसेंबरातली नाशिकची थंडी, खिडकी उघडी, आणि उशी भिजलेली. मी धावत सिस्टरना बोलावलं. यंत्रावर आकडा आला ४१. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि काही मिनिटांत भाईजाननी मला ओळखलं. तेव्हा मी सिस्टरना खरं काय ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मगाशी सांगितलं असतं तर तेव्हाच काही केलं असतं ना." ते वाक्य मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

श्रोतेहो, चढलेली साखर वाईट, म्हणून ती जितकी खाली आणू तितकं चांगलं, असं आपल्याला वाटतं. काही काळ वैद्यकशास्त्रालाही तसं वाटत होतं. २००१ साली बेल्जियममधल्या लूव्हेन इथल्या अतिदक्षता विभागात दीड हजारावर रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांची साखर ८० ते ११० मध्ये घट्ट बांधून ठेवली, तेव्हा त्यांच्यातले मृत्यू कमी झाले. जगभर तो पायंडा पडू लागला. मग २००९ साली सहा हजारांहून अधिक रुग्णांवरचा 'नाइस-शुगर' नावाचा मोठा अभ्यास आला, आणि निकाल उलटा निघाला. साखर फार घट्ट बांधलेल्यांत शंभरातले साडेसत्तावीस दगावले, १८० च्या आत पण जरा सैल ठेवलेल्यांत सुमारे पंचवीस. घट्ट बांधलेल्यांत साखर धोकादायक रीतीनं कोसळण्याचे प्रसंगही कितीतरी जास्त होते. म्हणून आता बहुतेक गंभीर रुग्णांची साखर १४० ते १८० च्या दरम्यान ठेवण्याकडे डॉक्टरांचा कल असतो.

दुसऱ्या टोकाचा धडा महाराष्ट्रानं २०२१ मध्ये घेतला. करोनाची दुसरी लाट होती. ज्याला प्राणवायू लावावा लागतो अशा करोनाच्या रुग्णाला स्टेरॉइड जीव वाचवणारं औषध ठरलं होतं. पण तेच औषध साखर चढवतं. ज्यांना गरज नव्हती अशांनीही ते घेतलं, काहींनी घरी गेल्यावर चालू ठेवलं, साखर कुणी मोजली नाही. अशा वेळी म्युकरमायकोसिसनं, ज्याला लोक काळी बुरशी म्हणू लागले, डाव साधला. त्या जुलैपर्यंत देशात ४५ हजारांवर रुग्ण नोंदले गेले, सर्वाधिक आपल्या राज्यात, नऊ हजारांवर. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांचा डोळा काढावा लागला. करोनातून ते बरे होऊन घरी आले होते. घरात थर्मामीटर होता, बोटाला लावायचं ऑक्सिमीटरही होतं. साखर मोजायचं यंत्र मात्र नव्हतं.

म्हणून रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्यांना माझी विनंती आहे. ताप किती, रक्तदाब किती, हे आपण विचारतो. तसंच 'आज साखर किती होती?' हेही विचारा. घरी चालू असलेल्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना द्या. उपाशी ठेवायला सांगितलं असेल तर शुगरच्या गोळीचं नि इन्सुलिनचं काय करायचं, ते आधी विचारून घ्या. आपलं नाशिक द्राक्षांचं गाव. भेटायला येणारा प्रत्येक जण किलोभर द्राक्षं घेऊन येतो. ती प्रेमानं घ्या, पण रुग्णाला देण्याआधी सिस्टरना विचारा. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं तर 'स्वप्नात असतील' असं माझ्यासारखं म्हणू नका, लगेच कुणाला तरी बोलवा. घरी असाल आणि माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर साखरेचं पाणी द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट रुग्णालय गाठा. आणि थाळीबद्दल खरं बोला. दोन घास खाल्ले तर दोनच घास सांगा. आपण सांगतो ते त्यांच्या तक्त्यावर लिहिलं जातं, आणि त्यावर विसंबून पुढचा उपचार ठरतो.

भाईजानची साखर दोन महिन्यांनी पूर्ववत झाली. पण काठावरचा माणूस काठावरच असतो. ते दरवर्षी तपासणी करून घेतात. काठी टेकत तोच जिना उतरतात; आता तिथं दिवा लावला आहे. ती रात्र ते विसरलेले नाहीत. घरात कुणी आजारी पडलं आणि मी सांगायला लागलो की अमक्यानं नीट खाल्लं, तर ते चष्म्यावरून माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "उसने खाया, या तूने?"