गोबर गॅसच्या टाकीतलं निकेल

आजचा भाग शेणापासून सुरू होतोय, नाक मुरडू नका.

फुलंब्रीकडे माझ्या मामाच्या शेतात गोबर गॅसची टाकी आहे. सुट्टीत शेण कालवायचं काम आम्हा भाच्यांकडं. त्या टाकीत मोठमोठे केमिस्ट जिच्या मागे लागलेत अशी गोष्ट आहे, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी त्यालाच शेण कालवायला बसवलं असतं.

पण आहे खरं. टाकीतले काही सूक्ष्मजीव हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन मिथेन बनवतात. हायड्रोजन हाताळायला त्यांच्याकडे हायड्रोजिनेज नावाचं एन्झाइम असतं. एन्झाइम म्हणजे प्रथिनच, पण याच्या पोटात धातू बसलेला असतो: लोखंड, आणि बहुतेकदा सोबत निकेल. 1995 साली फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या शास्त्रज्ञांनी अशा एका निकेल-लोखंडवाल्या एन्झाइमची रचना क्ष-किरणांनी उलगडून दाखवली.

यात एवढं विशेष काय? पाण्यात वीज सोडून हायड्रोजन काढायचा, तर ते काम सोपं करणारा उत्प्रेरक लागतो. आज एका प्रमुख प्रकारच्या इलेक्ट्रोलायझरमध्ये त्यासाठी प्लॅटिनम आणि इरिडियम वापरतात. प्लॅटिनमचा भाव ग्रॅमला हजारो रुपये. निकेल किलोला साधारण हजार-दोन हजार. आणि शेणातला जीव तर फुकटात काम करतोय!

मग नुसतं निकेल घ्यायचं की. तिथंच तर गंमत आहे. नुसत्या निकेलला ते एवढ्या सहज जमत नाही, त्याच्या शेजारपाजारामुळं जमतं. एन्झाइममध्ये धातूपासून बाहेरपर्यंत अमिनो आम्लांची रांग असते आणि ती प्रोटॉन पुढं सरकवत राहते. स्लॅबच्या दिवशी घमेली कशी हातोहात वर जातात? मिस्त्री कितीही चलाख असू दे, रांग तुटली की तो नुसताच उभा. तसंच.

आता पवईच्या आयआयटीत शिकवणारे अर्णब दत्ता यांनी हीच रांग बांधून बघितली. अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरीत वेंडी शॉ यांच्यासोबत काम करताना त्यांनी निकेलच्या एका छोट्या संयुगाला ग्लायसिन जोडलं. 2013 साली तो पेपर आला: पाण्यात विरघळणारं ते संयुग हायड्रोजन बनवतंही आणि मोडतंही. पुढच्या वर्षी आर्जिनिन जोडून हायड्रोजन मोडायचा वेग आणखी वाढवला. अख्खं एन्झाइम न घेता त्याची युक्ती तेवढी उचलली, हे मला फार आवडलं.

लगेच टाळ्या नकोत. बहुतेक हायड्रोजिनेजना ऑक्सिजन सोसत नाही. टाकीत हवा नसते म्हणून तिथं त्याचं चालतं. माणसानं बनवलेल्या अशा रेणूंनाही वर्षानुवर्षं टिकायचंय. कारखान्यातलं यंत्र दोन दिवस चालून भागत नाही, हे वाळूजला शिफ्ट करणाऱ्यांना मी काय सांगू!

आणि आता आपला प्रश्न: पाणी. नळाला पाणी कधी येणार हे विचारत जगणाऱ्या शहरात बसून मी पाणी फोडायच्या गप्पा मारतोय. खरं सांगतो, 'हायड्रोजन आपलं पाणी पिऊन टाकेल' असं म्हणायचं ठरवूनच मी बसलो होतो. मग हिशोब केला. एक किलो हायड्रोजनला कमीत कमी नऊ लिटर पाणी लागतं. जानेवारी 2023 मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनचं तेव्हाचं लक्ष्य होतं 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन. म्हणजे 4,500 कोटी लिटर, सुमारे 1.6 टीएमसी. अख्ख्या देशासाठी! जायकवाडीचा उपयुक्त साठाच सुमारे 76 टीएमसी आहे. शुद्धीकरण आणि थंड करायला लागणारं पाणी धरून आकडा वाढेल, तरी मला वाटला होता तेवढा राक्षस नाही.

पण ते पाणी देशभरातून थोडं थोडं येणार नाही. जिथं प्लांट, तिथल्याच धरणातून जाणार. ज्या वर्षी जायकवाडी तळाला जातं, त्या वर्षी आधी कुणाचा नळ बंद होणार, हे ठरवायला कुठलाच उत्प्रेरक येणार नाही.

तुमच्या गावात गोबर गॅस अजून चालू आहे का? व्हॉइस नोट पाठवा. मामाची टाकी चालू आहे, गेल्या रविवारीच त्यावरचा चहा पिऊन आलो.