व्यसन, विद्यार्थी आणि घर

(युवक अभ्यासवर्गातील भाषण)



विद्यार्थ्यांच्या व्यसनाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात: संगत वाईट, नाही तर संस्कार कमी पडले. दोन्ही सोयीची आहेत; कारण त्यांत समाजव्यवस्थेला काहीच विचारावे लागत नाही.

पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले पाहा. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली. एका खोलीत चार-पाच कॉट, खानावळीचा डबा, दिवसभर अभ्यासिका. राज्यसेवेच्या जागा बहुधा शेकड्यांत, अर्ज लाखांत. म्हणजे बहुसंख्यांचे अपयश जागांच्या संख्येतच ठरलेले असते; भोगावे मात्र लागते एकेकट्याला. झोप घालवण्यासाठी तंबाखूची चिमूट, निकालानंतर दारू, अशी ही वाट सुरू होते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती पानटपरीपर्यंत कितपत पोचली, हे आपण जाणताच.

घर पाठीशी नसते असे नाही. बाप कर्ज काढून पैसे पाठवतो. पण ज्या घराने जमीन गहाण टाकली, त्या घराला ‘पूर्वपरीक्षेतच गेलो’ हे सांगायचे कसे? मुलगा फोनवर ‘चांगले चालले आहे’ म्हणतो आणि दिवाळीला गावी जाणे टाळतो. पैशाचा आधार निराळा आणि अपयश ऐकून घेण्याचा आधार निराळा. दुसरा नसेल तर पहिल्याचेच ओझे होते. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाने हे सांगावे, याची गंमत वाटेल खरी!

डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे राहिले. गर्दने तेव्हा तरुणांना घेरले होते. तेथे रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबालाही उपचारात सामील करून घेतले गेले. कारण उपचारांनी शरीर सावरते. घरी परतल्यावर संशय आणि टोमणेच वाट्याला आले, तर मन पुन्हा तिकडेच धावते.

मात्र सगळा भार कुटुंबावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. बीडचे ऊसतोड कामगार वर्षातले पाच-सहा महिने फडावर असतात. मुलाचे मन जाणून घ्यायला त्यांना उसंत कुठली? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले. आज सरकारी वसतिगृहांत खाटा अपुऱ्या, आणि मुलांचे ऐकून घेणारा माणूस बहुतेक ठिकाणी नाहीच. ही मागणी आपण नोकरभरतीच्या मागणीइतक्याच जोराने मांडली पाहिजे.

आणि एक. आपल्यापैकी काही जण गावोगाव अभ्यासिका चालवतात. निकाल लागला की तेथे उत्तीर्णांचा सत्कार होतो. त्या संध्याकाळी उरलेल्या मुलांच्या खोलीवर आपल्यातला कोण जातो?