चाकांवरचे बिऱ्हाड

मंडळी, दिवाळी सरली की आपल्या शहापूर-मुरबाडच्या वाड्यापाड्यांवरची बिऱ्हाडे हलू लागतात, हे आटगावच्या माणसाला नव्याने सांगायला नको. कातकरी आणि ठाकर कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्या गाठतात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. टेम्पोत नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, गोधड्या, दोनचार कोंबड्या आणि त्या सगळ्यावर बसलेली पोरे. भट्टीवर पोचले की गवताचा किंवा कच्च्या विटांचा भोंगा उभारायचा, वाकून आत शिरायचे, सहासात महिने काढायचे आणि मग तो मोडून टाकायचा. दर वर्षी एक घर बांधायचे अन् एक मोडायचे! मग ज्या ट्रॉलीतून बिऱ्हाड जाते, तिचेच घर का करू नये?

आता तुम्ही म्हणाल, हे प्राध्यापकाचे खूळ आहे. पण कल्पना माझी नव्हे. राजस्थानातले गाडिया लोहार पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडीतच संसार करीत आले. 1955 साली पंडित नेहरू त्यांना चित्तोडगडावर घेऊन गेले, ती हकीकत पुष्कळांनी वाचली असेल. अगदी अलीकडे, 2021 मध्ये, महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. म्हणजे सहलीसाठी चाकांवरच्या घराचा विचार झाला. त्यात गैर काही नाही. पण ज्याला अर्धे वर्ष घर सोडून राहणे भाग आहे, त्याच्या दृष्टीनेही हा हिशेब मांडून पाहायला हवा.

हिशेब पहिला वजनाचा. दहा फूट लांब, सहा फूट रुंद अशी दोन चाकांची जुनी ट्रॉली घ्या. तिच्यावर कुडाच्या भिंती घालाव्यात असे पहिल्यांदा मनात येते, कारण कारवीचा कूड आपल्या हाताखालचा. पण शेणमातीने लिंपलेला कूड जड होतो आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी तडकतो. त्यापेक्षा लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि त्याला बांबूच्या तट्ट्या बऱ्या. वर पत्रा घातलात तर चैत्र-वैशाखात आत भाकरी भाजून निघेल! म्हणून पत्र्याच्या वर वीतभर मोकळी जागा सोडून गवताचे किंवा गोणपाटाचे दुसरे छप्पर करावे. मधून वारा खेळला की ताप पुष्कळ कमी होतो.

जड वस्तू आसाच्या आसपास, किंचित पुढे ठेवाव्यात. एकूण भाराचा सुमारे दहावा हिस्सा ट्रॅक्टरच्या हुकावर यावा. भार मागे गेला तर पुढचा दांडा वर उचलला जातो आणि गाडी रस्त्यावर शेपूट हलवू लागते. मुक्कामावर चारही कोपऱ्यांखाली टेकू आणि चाकांच्या पुढेमागे दगड हवेतच. आणि एक गोष्ट बजावून सांगतो: चालत्या ट्रॉलीत माणसे बसवायची नाहीत. कायद्याला ते मान्य नाही आणि उलटलेल्या ट्रॉल्यांच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. घर ट्रॅक्टरमागून जाईल. माणसांनी लोकलने किंवा एस.टी.ने जावे. ट्रॉलीत असे फेरफार करण्याआधी परिवहन कार्यालयाची परवानगीही विचारावी लागते.

पाणी लिटरला एक किलो. दोनशे लिटरचे पिंप भरले की दोनशे किलो झाले, म्हणून प्रवासात पिंप रिकामे ठेवायचे. पाच माणसांना पिण्यास व रांधण्यास माणशी दहा लिटर धरले, तर भरलेले पिंप चार दिवस पुरते, धुणे-अंघोळ निराळी. (ज्या तानसाचे पाणी 1892 पासून मुंबईला जाते, त्या तानसाच्या शेजाऱ्यांना पाण्याचा हिशेब मी शिकवावा, हे थोडे अवघडच!)

आता दिवा. पाच वॅटचे दोन एलईडी दिवे रोज पाच तास लावले तर 50 वॅट-तास होतात. वीस वॅटचा छोटा पंखा आठ तास फिरला तर 160, आणि दोन मोबाइलचे 20. सगळे मिळून 230. शंभर वॅटची एक सौर पाटी स्वच्छ उन्हात, घट वजा जाता, साडेतीनशेच्या आसपास देते. भट्टीचा हंगाम म्हणजे कोरड्या आभाळाचा हंगाम, तेव्हा हे गणित जमते. बारा व्होल्टची, 60 अँपिअर-तासाची साधी बॅटरी 720 वॅट-तास साठवते. मात्र तिच्यातले निम्मेच वापरावे, नाहीतर ती लवकर मरते. पाटीचे तोंड दक्षिणेला करून तिला वीसएक अंशांचा उतार द्यावा आणि भट्टीची धूळ रोज पुसावी. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो म्हणून तिची पेटी बाहेरच्या बाजूला असावी, आणि तारेत फ्यूज हवाच. या विजेवर स्वयंपाक होणार नाही. चूल बाहेरच मांडावी. बंद ट्रॉलीत शेगडी पेटवून झोपणे म्हणजे जिवाशी खेळ.

इथवर सारे सोपे. अवघड प्रश्न पुढेच आहे: ही ट्रॉली कोणाची? मजूर आधीच उचल घेऊन गेलेला असतो. भट्टीमालकाने ट्रॉली दिली आणि तिचे पैसे उचलीत धरले, तर घरही त्याच्या मुठीत गेले. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली. पण कर्जाने बांधलेल्या माणसाला चाके असलेले घर दिले म्हणून तो मोकळा होत नाही. माझ्या मते ट्रॉली पाड्याच्या बचतगटाच्या मालकीची असावी. पावसाळ्यात ती पाड्यावर झाकून ठेवावी आणि कागद गटाच्या नावाने असावेत. हे जमत नसेल तर आहे तो भोंगा बरा, कारण तो निदान कोणाच्या वहीत चढत नाही.

शिक्षकबंधूभगिनींनो, तुमचाही यात वाटा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या पोरांच्या मागे कुरणात शाळा नेली. तिचे नावच कुरणशाळा. पुढे 1990 च्या दशकात विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. मूल शाळेत येईना तर शाळा मुलाकडे गेली, ही आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातलीच रीत. ट्रॉलीच्या दाराला आतून काळा रंग दिला की फळा झाला. वरच्या हिशेबात संध्याकाळचा एक दिवा अभ्यासासाठी धरलेलाच आहे. वॅट-तासांचे हे गणित आठवी-नववीच्या वर्गात मुलांकडूनच करून घ्या. ज्यांची बिऱ्हाडे हलतात ती मुले ते तुमच्यापेक्षा लवकर सोडवतील. आणि स्थलांतर करणाऱ्या मुलांची शिक्षण हमी कार्डे दिवाळीच्या सुटीआधी भरून आईबापांच्या हाती द्या. सुटी संपवून तुम्ही शाळेत याल, तोवर ट्रॅक्टर निघून गेलेला असेल.