खाडीतला पाळणा

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत दिलेले भाषण)



मी पेशाने शाळामास्तर. तेव्हा माझे भाषण वर्गातल्या तासासारखे वाटले, तर ती पेशाची खोड समजून आपण क्षमा करावी.

शाळेतील मुलांना घेऊन मी वर्षातून एकदा ओहोटीच्या वेळी जुवारीच्या काठी जातो. हाती एक चाळण, एक भिंग आणि जुन्या ओढणीचे जाळे, एवढीच आमची प्रयोगशाळा. एकदा सातवीतल्या एका मुलीने ओंजळ पुढे केली. तिच्यात पांढरे, गोल, टपोरे दाणे होते. ती म्हणाली, "सर, ही माशाची अंडी ना?" मी भिंगातून पाहिले. ते थर्मोकोलचे दाणे होते. मासळी बर्फात घालून बाजारात नेतात त्या खोक्यांचा तो चुरा असावा. ज्या वस्तूतून आपण मासा घरी आणतो, तिचाच चुरा माशाच्या अंड्यांचे सोंग घेऊन खाडीत तरंगत होता. त्या मुलीची चूक मला हसण्यावारी नेता आली नाही.

मांडवी, जुवारी, साळ या नद्या जिथे समुद्राला भेटतात, ते खारे-गोडे पाणी म्हणजे माशांचा पाळणा होय. पाणी उथळ आणि गढूळ, त्यामुळे मोठ्या माशाच्या नजरेपासून पिले सुरक्षित राहतात. खारफुटीच्या मुळांत लपायला जागा आणि नद्यांनी आणलेल्या खतावर पोसलेले भरपूर अन्न. शेवटे आणि चोणक यांसारख्या कितीतरी माशांची पिले आणि कोळंबीचे बच्चे इथे वाढीचे दिवस काढतात. आपल्या पूर्वजांनी खाजणांना बांध घातले, मानशी बसविल्या. भरती-ओहोटीचा हा व्यवहार त्यांना पुस्तकावाचून कळत होता.

अंड्यातून निघालेल्या पिलाच्या पोटाला बलकाची पिशवी असते. ती आईने बांधून दिलेली शिदोरीच. ही शिदोरी थोड्या दिवसांत संपते. मग त्या केसाएवढ्या जिवाने स्वतःच्या तोंडाने पहिला घास घ्यायचा. त्याचे तोंड इतके लहान की मिलिमीटरच्या अंशाएवढेच भक्ष्य त्यात मावते. योहान यॉर्त या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाने १९१४ साली असा विचार मांडला की, पुढे किती मासळी मिळणार याचा निकाल पुष्कळदा या पहिल्या घासाच्या दिवसांतच लागतो. त्या वेळी योग्य अन्न मिळाले तर ती पिढी तगते. न मिळाले तर जाळी रिकामी येतात. यॉर्तच्या मताला नंतरच्या संशोधनाने पुष्कळ पुरवण्या जोडल्या, तरी बालपणीचे हे दिवस नाजूक असतात, याविषयी दुमत नाही.

आता याच पाळण्यात एक नवा पाहुणा आला आहे. पाच मिलिमीटरहून लहान अशा प्लास्टिकच्या कणांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. २००४ साली रिचर्ड टॉम्पसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या लेखाने हा शब्द रूढ झाला. पिशव्या उन्हाने ठिसूळ होऊन फुटतात, नायलॉनची जाळी आणि दोर झिजतात, कृत्रिम धाग्यांचे कपडे धुताना तंतू सुटून गटारात जातात. खाडीत गोडे पाणी वर आणि खारे पाणी खाली अशी रचना असते. ही दोन पाणी जिथे भिडतात, तिथे फेस, काडीकचरा आणि तरंगते बारीक जीव एका रेषेत गोळा होतात. आपले कोळीबांधव ती रेषा ओळखतात. तिथे पिलांचे अन्न साठते आणि प्लास्टिकही साठते. म्हणजे पिलाला जिथे ताट वाढलेले असते, तिथेच खडेही मिसळलेले असतात.

ही नुसती कल्पना नव्हे. आपल्यासारखाच पावसाळा, उन्हाळा आणि खारफुटी असलेली गोयाना नावाची एक खाडी ईशान्य ब्राझीलमध्ये आहे. तेथील संशोधकांनी बारीक जाळी ओढून पाण्यातील पिले, अंडी आणि प्लास्टिकचे कण मोजले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या हिशोबात प्लास्टिकचे कण पिलांच्या निम्मे आणि अंड्यांच्या जवळपास बरोबरीने भरले. त्याआधी २०११ साली त्याच खाडीतील शिंगाळ्यांच्या पोटांत, लहान आणि मोठ्या दोन्ही माशांच्या, प्लास्टिक सापडले होते; त्यात मासेमारीच्या दोरांचे नायलॉन विशेष होते. आणि आपल्या गोव्यात साळ नदीच्या खाडीतील पाणी, गाळ, शिंपले आणि मासे या सर्वांत हे कण आढळल्याचे संशोधन २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्यात तंतूंचे प्रमाण मोठे होते.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. २०१६ साली 'सायन्स' या विख्यात नियतकालिकात स्वीडनमधील एक लेख आला. पर्च नावाच्या माशाची पिले खरे अन्न सोडून प्लास्टिकच आवडीने खातात, असे त्यात म्हटले होते. मी तो वर्गात मोठ्या रंगाने सांगितला. मुले थरारून गेली. पुढच्याच वर्षी, २०१७ साली, तो लेख मागे घेण्यात आला. त्याची मूळ आकडेवारी उपलब्ध नव्हती आणि प्रयोग सांगितल्याप्रमाणे झाल्याचा पुरावाही मिळाला नाही. दोन दिवस मी विचारात होतो. गप्प राहिलो असतो तर कोणाला कळले नसते. परंतु मग मी फळ्यापाशी उभा राहून म्हणालो, "मुलांनो, मी तुम्हाला सांगितलेली एक गोष्ट खोटी निघाली." शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने लगेच विचारले, "मग सर, प्लास्टिक टाकले तरी चालेल?"

माझे आजचे सारे भाषण त्या मुलाला दिलेले उत्तर आहे. नाही, चालणार नाही. एक साक्षीदार खोटा निघाला म्हणून सारा खटला खोटा ठरत नाही. खाडीत कण आहेत, हे खरे. माशांच्या पोटांत ते सापडतात, हेही खरे. काही प्रयोगांत पोट भरल्यासारखे होऊन जीव अन्न कमी खातात, त्यांची वाढ मंदावते, असे दिसले आहे. त्याबरोबर हेही सांगितले पाहिजे की, अशा पुष्कळ प्रयोगांत खाडीत आढळतात त्याहून कितीतरी अधिक कण वापरलेले होते, आणि पुष्कळ कण पोटातून बाहेरही पडतात. कणांमुळे मासळी किती घटली, याचा आकडा म्हणून मी तुमच्यापुढे ठेवणार नाही. परंतु पाळण्यात खडे टाकण्यापूर्वी मूल किती दुखावेल याचा हिशोब कोणती आई मागते? एकदा चुरा झालेले प्लास्टिक खाडीच्या गाळातून वेचून काढण्याचा उपाय आज कोणापाशी नाही, एवढे कारण पुरेसे आहे.

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. माशांच्या विणीला सवड मिळावी, म्हणून कोळीबांधव आपल्या पोटाला चिमटा घेतात. नेमक्या त्याच दिवसांत पहिला पाऊस आपल्या गावांतली गटारे धुऊन वर्षाचा कचरा खाडीत लोटतो. त्यांनी जाळे आवरायचे आणि आपण पिशवी सोडायची, हा न्याय नव्हे.

म्हणून या सभेपुढे माझ्या तीनच विनंत्या आहेत. पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, न्यासाच्या तरुण मंडळींनी आपल्या वाड्यावरची गटारे साफ करावीत. फुटकी थर्मोकोलची खोकी आणि तुटकी जाळी काठावर न टाकता एका जागी जमा करण्याची सोय न्यासाने बंदरावर करावी. आणि आपल्या भोजनाला पुन्हा पत्रावळी आणाव्यात. २०२२ च्या जुलैपासून थर्मोकोलच्या ताटल्यांना देशभर बंदी आहे. पण त्याआधी आपल्याच मेळाव्यात त्या होत्या आणि त्यांतल्या एकीत मीही जेवलो आहे, हे मी विसरलेलो नाही.

पन्नास वर्षे या न्यासाने गरिबांच्या मुलांची फी भरली, वह्या-पुस्तके दिली. त्या मुलांतला एक आज आपल्यापुढे बोलतो आहे. शिदोरी संपल्यानंतरचा पहिला घास कोणीतरी निर्मळ हातांनी पुढे केला, म्हणून मी तगलो. खाडीतल्या पिलालाही तो तसाच मिळावा, एवढेच माझे मागणे आहे.