जुना प्रोग्रॅम : डागडुजी की नवी बांधणी?



आपल्या मंडळाचा सभासद-नोंदीचा प्रोग्रॅम मोडीत काढून संपूर्ण नवा लिहावा, असा आग्रह तरुण कार्यकर्त्यांनी धरला आहे. त्यांच्या तळमळीबद्दल आम्हाला आदर आहे. तरीही निर्णयापूर्वी आमचे चार शब्द ऐकावेत, ही विनंती.

हा प्रोग्रॅम फॉक्सप्रोमधला. त्यात एके ठिकाणी विचित्र अट आहे : सभासद हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीचा असेल तर पावतीची तारीख तपासा. मुलांना ती अडगळ वाटली. त्यांनी नव्या नमुन्यात ती गाळली आणि त्या तालुक्यांतील जुने सभासद यादीतूनच गळाले! १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या पावत्या परभणीच्याच खाती राहाव्यात म्हणून कोणीतरी ती ओळ घातली होती. का, ते मात्र लिहून ठेवले नाही. यादीत नाव नाही म्हणजे त्या घरच्या मुलाला वह्या-पुस्तकांची मदत नाही.

दुसऱ्याचे लिखाण वाचण्यापेक्षा आपले नवे लिहिणे सोपे वाटते. हा मोह मोठमोठ्यांनाही आवरला नाही. नेटस्केप कंपनीने १९९८ साली आपला ब्राउझर नव्याने लिहायला घेतला. चौथ्या आवृत्तीनंतर एकदम सहावी आली, तीही नोव्हेंबर २००० मध्ये. तोवर मायक्रोसॉफ्टने बाजार काबीज केला होता.

माळवद गळते म्हणून आपण घर पाडत नाही. गळती हुडकून पावसाळ्याआधी माती टाकतो. पण तुळईच कुजली असेल तर ती बदलावीच लागते, हेही आम्ही मान्य करतो. डॉसवरचा फॉक्सप्रो ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाही. नावे जुन्या फॉन्टच्या खुणांत साठवलेली असल्याने फॉन्ट बदलला की अक्षरांचा काला होतो. नावे युनिकोडमध्ये आणणे टाळता येणार नाही.

म्हणून आमची सूचना अशी. आधी फक्त नावे बदलून घ्यावीत. मग पावत्यांचा भाग, त्यानंतर मदतीची यादी. प्रत्येक वेळी जुनी आणि नवी यादी शेजारी ठेवून नावागणिक ताडून पाहावी. दोन्ही जुळेपर्यंत जुना संगणक हलवू नये, मग कार्यालयात कितीही अडचण होवो.

ज्यांच्या घरी १९९९ पूर्वीची पावतीपुस्तके असतील, त्यांनी कृपया ती कार्यालयात आणून द्यावीत. ताडणीचे काम त्यावाचून अडले आहे.