वामनदादांचे शेवटचे कडवे
(कट्टा, ता. मालवण येथे लोककवी वामनदादा कर्डक यांच्या स्मृतिदिनी केलेले भाषण)



आंब्याफणसाचे दिवस आहेत, मुंबईचे चाकरमानी घरी आलेले आहेत, आणि सकाळपासून कर्ण्यावर वामनदादांची गीते चालली आहेत. कोणी ती ऐकून डोळे पुसले, कोणी ताल धरला. दादांना जाऊन पुष्कळ वर्षे झाली. १५ मे २००४ रोजी ते आपल्यातून गेले. तरीही एकाच गीताने एकाला रडू यावे आणि दुसऱ्याचे पाय थिरकावेत, हे सामर्थ्य आजही उणावलेले नाही.

हा माणूस कोण होता, हे मुलांना माहीत असले पाहिजे. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी हे त्यांचे गाव. जन्म १५ ऑगस्ट १९२२. शाळा त्यांना लाभली नाही. मुंबईस येऊन त्यांनी पडेल ते काम केले, गिरणीत राबले. त्यांच्याविषयी एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. कोणा एकाने त्यांच्या हाती पत्र देऊन ते वाचून दाखविण्याची विनंती केली. दादांना अक्षर येत नव्हते. त्या लाजेने त्यांना रडू कोसळले. त्यानंतर ते वयाने वाढलेले असताना बाराखडी शिकले आणि दुकानांवरील पाट्या वाचता वाचता वाचक झाले. १९४३ साली त्यांनी पहिले गीत लिहिले, आणि मग आयुष्यभर गावोगाव हिंडून हजारो गीते रचली व गायिली. (जलसाकार भीमराव कर्डक हे निराळे. आडनाव एक असल्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो, म्हणून सांगितले.)

तुमच्यापैकी कित्येकांच्या आजोबांनी १९५६ नंतर दीक्षा घेतली. काही कुटुंबे अलीकडेच या मार्गावर आली आहेत. तुम्ही आठवून पाहा. देव्हारा रिकामा करणे हे एका दिवसाचे काम होते. परंतु आपल्या या मुलखात भजनाचा टाळ आणि दशावताराची रात्र कानांत इतकी मुरलेली! पुष्कळ ठिकाणी तो दशावतारही आपल्या माणसांनी दूर, निराळे बसूनच पाहिला. तरी गाणे कानांत शिरलेच. ते सोडल्यावर बारशाला काय म्हणावे, लग्नघरी काय म्हणावे, मयताच्या घरी रात्र कशी काढावी? ती उणीव भीमगीतांनी भरून काढली. मुंबईच्या चाळींत ऐकलेले गीत चाकरमान्याबरोबर गावी आले, आणि ज्या आयाबहिणींना सही येत नव्हती त्यांना ते तोंडपाठ झाले.

आता माझी तक्रार ऐका. सकाळपासून मी कान देऊन ऐकतो आहे. दादांच्या गीतांत बहुधा शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव येते. पूर्वीचे संत करीत, तशीच ही नाममुद्रा. आज वाजलेल्या कित्येक गीतांतून तेच कडवे गायब होते. गाणाऱ्याला घाई, वाजविणाऱ्याला त्याहून घाई. गाणाऱ्याचे नाव फलकावर येते आणि रचणाऱ्याचे उरत नाही. ज्यांच्या पूर्वजांना गावाने नावाने हाक मारली नाही, त्यांनी आपल्याच कवीचे नाव गाळावे काय?

अमेरिकेतील काळ्या लोकांत अरेथा फ्रँकलिन नावाची थोर गायिका होऊन गेली. ती धर्मोपदेशकाची मुलगी. चर्चमध्ये गाता गाता मोठी झाली. २०१८ साली ती वारली, तेव्हा डेट्रॉइट शहरात लोक रांगा लावून अंत्यदर्शनास आले. मान मागणारे जे गीत तिने १९६७ मध्ये गाऊन अमर केले, ते मुळात ओटिस रेडिंग या गायकाचे, १९६५ सालचे. गीत जगभर तिच्या नावाने ओळखले गेले, परंतु रचणाऱ्याचे नाव तबकडीवरून कोणी पुसले नाही. उलट, तेथील रेडिओवर ते वाजले की मोबदला रचनाकाराकडे जाई, गायिकेकडे जात नसे. तोही अन्यायच, आणि तिकडचे गायक त्याविरुद्ध भांडत आले आहेत. मला सांगावयाचे ते एवढेच की, तेथे निदान कोणाचे काय याची नोंद होती. आपल्याकडे ती कोण ठेवणार?

आपण ‘पुण्यतिथी’ हा शब्द सोडला व ‘स्मृतिदिन’ म्हणू लागलो, ते योग्यच झाले. परंतु हार, अगरबत्ती, जेवण आणि कर्णा यांपुढे आपण गेलो नाही, तर बदलला तो केवळ शब्द.

येथे मेजावर एक कोरी वही ठेवली आहे. वंदना झाल्यावर ज्या वडीलधाऱ्या बायांना जुनी गीते येतात, त्यांनी कृपया उठू नये. शाळेतील मुलींनी त्यांच्याजवळ बसून एकेक गीत शेवटच्या कडव्यासह उतरून घ्यावे. कडवे आठवत नसेल तर तेवढी जागा मोकळी सोडावी. मनाने जोडू नये. गीत दुसऱ्या कोणा शाहिराचे असेल तर त्याचे नाव लिहावे, दादांच्या नावावर घालू नये. ज्यांना रात्रीच्या गाडीने मुंबईस परतावयाचे आहे, त्यांनी आपले गीत आधी सांगावे.